आप्पांचा बद्द रुपया

आपल्या इंदूरच्या जुन्या आठवणी इथे सगळेच लिहितात, मी नुसतीच वाचत असते. पण गेल्या डिसेंबरात घरात एक प्रसंग झाला आणि त्यामुळे ४५ वर्षांपूर्वीचा दुसरा एक प्रसंग वर आला. तो लिहूनच टाकावा म्हटलं. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

डिसेंबरात चांदी किलोला दोन लाखांच्या वर गेली. २०२५ च्या सुरुवातीला हाच भाव नव्वद हजारांच्या आसपास होता. ऑक्टोबरात जगाच्या बाजारात चांदीनं औंसाला ५० डॉलर ओलांडले, १९८० पासूनचा विक्रम मोडला, आणि त्यानंतर ती चढूनच राहिली होती. माझ्या भाच्याचा फोन आला, "आत्या, आप्पांचा डबा तुझ्याकडेच आहे ना? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. बघ, तुला वाटलं तर."

"तुला वाटलं तर" हे त्यानं मोठ्या समजुतीनं म्हटलं. डबा माझ्याकडे असला तरी माझा एकटीचा नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे काका. जन्म १९१४ चा. होळकरांच्या मागून जी अनेक कुटुंबं माळव्यात येऊन राहिली त्यांतलंच आमचं एक. आप्पा इथल्या एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. दिवसा खतावण्या आणि गणपतीच्या दिवसांत जादू. पोटासाठी जादू करणारे ते नव्हते. पण गल्लीतला गणेशोत्सव, शाळेचं संमेलन, कुणाची मुंज, असं कुठेही बोलावलं की काळा कोट चढवून जायचे. पत्ते, रुमाल हे सगळं करायचे, पण त्यांचं खरं प्रेम नाण्यांवर. आणि नाणी म्हणजे चांदीचे कलदार.

त्यांच्या मुख्य खेळाचं विलायती नाव 'मायझर्स ड्रीम'. आप्पा त्याला 'कंजुषाचं स्वप्न' म्हणायचे. हवेत हात फिरवायचा, बोटांच्या टोकाशी रुपया उगवायचा, तो डाव्या हातातल्या टिनाच्या डब्यात टाकायचा. खण्ण! मग दुसरा रुपया मुलाच्या कानामागून, तिसरा शेजारच्या काकांच्या टोपीतून. खण्ण, खण्ण. हा खेळ जगभर गाजवला अमेरिकेच्या टी. नेल्सन डाउन्सनं. आयोवातल्या मार्शलटाउनचा माणूस, 'किंग ऑफ कॉइन्स' म्हणवायचा, १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात त्यानं नाव काढलं. पुढच्याच वर्षी त्याच्या हातचलाखीवर 'मॉडर्न कॉइन मॅनिप्युलेशन' हे पुस्तक निघालं. आप्पांनी ते पुस्तक पाहिलं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांना हा खेळ एका फिरत्या जादूगारानं शिकवला, तोही आठ दिवस घरी जेवायला घालण्याच्या बोलीवर.

आता या खेळात नाणं चांदीचंच का? आप्पा तीन कारणं सांगायचे. एक म्हणजे आवाज. त्या काळी पगार रोख रुपयांत मोजून मिळायचा, त्यामुळे टिनावर पडलेल्या कलदाराचा आवाज घरातली म्हातारीसुद्धा डोळे मिटून ओळखायची. दुसरं म्हणजे कंगोरे. रुपयाच्या कडेला बारीक खाचा असतात, त्या तळहाताच्या घडीत धरून राहतात आणि पंजा उघडा दिसला तरी नाणं निसटत नाही. तिसरं कारण मला फार आवडायचं. चांदी मऊ, म्हणून वापरून वापरून झिजते. झिजलेली नाणी हातात एकमेकांवर घसरताना आवाज करत नाहीत. कोरी नाणी "बोलतात", असं आप्पा म्हणायचे, "आणि जादूगाराच्या हातातलं नाणं बोललं की जादूगार गेला." म्हणून ते गिरणीच्या खजिनदाराकडे जाऊन कोऱ्या रुपयांच्या बदल्यात झिजके रुपये मागायचे. खजिनदाराला वाटायचं, हिशेबनीस जरा वेडसर आहे.

अशी चाळीस नाणी त्यांनी जमवली, साधारण १९३६ पर्यंत. बहुतेक पंचम जॉर्जची, थोडी राणीछाप. आणि एक खास वस्तू करून घेतली, तिच्यासाठी हा सगळा प्रपंच.

ती वस्तू म्हणजे टोपणाचा रुपया. एक रुपया घ्यायचा, मागच्या बाजूनं तो लेथवर पोखरायचा, राजाचा मुखडा आणि कड तेवढी ठेवायची. हे झालं टोपण. दुसरा रुपया घ्यायचा, त्याची कड आणि राजाकडची बाजू तासून तो जरा लहान आणि पातळ करायचा. हा गाभा. गाभा टोपणात बसवला की दोन्ही मिळून एकच रुपया दिसतो. हातात एक रुपया दाखवायचा, टोपण अलगद सरकवायचं, झाले दोन. परत एकावर एक बसवला की एक. आप्पा याला "व्याज" म्हणायचे आणि म्हणताना समोर बसलेल्या सावकाराकडे बघायचे.

हे काम गिरणीच्या वर्कशॉपमधल्या एका टर्नरनं रविवारी केलं. मजुरी म्हणून त्यानं चांदीचा कीस मागून घेतला, खाली धोतराचं फडकं अंथरून. यात एक गंमत आहे, ती मला फार उशिरा कळली. टोपण आणि गाभा एकात एक बसले की आकार एका रुपयाचा, म्हणजे दोघांचं मिळून वजनही एका रुपयाचंच. मग दुसरा रुपया गेला कुठे? तो सगळा किसात गेला. कलदार रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे अशा खोट्या रुपयासाठी एक तोळा चांदी भुगा करावी लागते. १९३६ साली चांदी इतकी स्वस्त होती की रुपयातल्या धातूची किंमत त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा पुष्कळ कमी होती. टर्नर खूश, आप्पाही खूश. २०२५ च्या डिसेंबरात तोच एक तोळा कीस दोन हजारांच्या वर गेला असता.

पण मंडळी, चांदी महाग झाली की जादूगाराचं साहित्य महाग होतं, एवढंच नसतं. खरी अडचण वेगळीच येते. आप्पांच्या आयुष्यात ती आली आणि त्यांच्या आधीच्या पिढीतही येऊन गेली होती.

पहिल्या महायुद्धात चांदी भडकली. रुपयातली चांदी रुपयाहून महाग होऊ लागली की लोक काय करणार? नाणी दडवणार, आटवणार. सरकारनं १९१७ च्या जूनमध्ये नाणी आटवून त्यांचा दुसरा वापर करायला बंदी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर एक रुपयाची नोट काढली, पुढच्या वर्षी अडीच रुपयांची. चांदीच्या चवलीच्या, पावलीच्या जागी हलक्या धातूची नाणी आली. शेजारी हैदराबाद संस्थानानंही चांदीच्या याच टंचाईत १९१८ साली स्वतःच्या नोटा काढल्या. तिथल्या आपल्या मराठी मंडळींच्या घरी हाली सिक्क्याच्या गोष्टी असतीलच. फेब्रुवारी १९२० मध्ये लंडनला चांदी औंसाला साडेएकोणनव्वद पेन्सांवर गेली. त्या भावानं एका रुपयातली चांदीच ३३ पेन्सांची, आणि युद्धाआधी रुपयाचा सरकारी भाव होता १६ पेन्स!

या टंचाईतून सुटायला इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरले. तिथे १९१८ साली पिटमन कायदा झाला. अमेरिकेनं आपले २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानात रुपये पाडायला पाठवली. माझ्यासमोर या क्षणी १९१८ आणि १९१९ चे रुपये आहेत. मुंबईच्या टांकसाळीच्या नाण्यावर एक बारीक टिंब असतं, ते भिंगातून दिसतं. या चांदीत एखादा अमेरिकन डॉलर असेलच. तिकडच्या जादूगारांच्या हातातली नाणी आटून इकडे आप्पांच्या हातात आली असतील, असा विचार मनात आला की मला मजा वाटते.

दुसऱ्या महायुद्धात तेच परत झालं, आणि या वेळी कायमचं. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटिश हद्दीत गरजेपेक्षा जास्त रुपये साठवणं गुन्हा ठरला. जुलैत एक रुपयाची नोट परत आली. रुपयातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून थेट निम्म्यावर आली. मग १९४१ ते १९४३ या काळात आधी राणीचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे जुने रुपये चलनातून रद्द झाले. अमेरिकेनं त्याही युद्धात हिंदुस्थानला चांदी उसनी दिली. ती फेडायची होती, म्हणून १९४७ चा रुपया निघाला तो निकेलचा. त्यात चांदी औषधालाही नाही.

आप्पांच्या चाळीस नाण्यांना या सगळ्यात काही झालं नाही. ती डब्यात होती तशीच राहिली. पण टोपणाचा खेळ पांगळा झाला. कारण त्या खेळाची खरी मजा होती प्रेक्षकाकडून रुपया उसना घेण्यात. "कुणाकडे एक कलदार आहे का हो?" असं विचारायचं, कुणीतरी खिशातून काढून द्यायचा, तो लोकांदेखत वाजवून बघायचा आणि मग आपल्या रुपयाशी त्याची अदलाबदल करायची. नाणं लोकांचं, म्हणून त्यावर संशय नाही. १९४३ नंतर आप्पांनी हाक दिली की लोक नोट काढून दाखवायचे आणि हसायचे. खिशातला कलदार संपला होता. जादूगाराच्या हातातलं नाणं ज्याचं जुळं होतं, ते जुळंच बाजारातून गेलं. त्यानंतर आप्पा तेच नाणं घेऊन उभे राहिले की लोकांना ते जादूगाराचं सामान वाटायचं. सामान म्हटलं की प्रेक्षक आधीच सावध होतो.

आप्पांनी निकेलचे रुपये घेऊन बघितले. निकेलला लोहचुंबक ओढतं, चांदीला ओढत नाही. त्याचा त्यांनी एक छोटा खेळ केलाही, टेबलाखाली चुंबक बांधून. मुलांना आवडायचा. पण निकेल कठीण, टर्नरनं पोखरायला घेतलं तर हत्यार तापायचं, आणि डब्यात पडल्यावर आवाज यायचा तो खिळा पडल्यासारखा. आप्पा म्हणायचे, "याच्यात राम नाही." शेवटी ते जुन्याच नाण्यांवर परतले. फक्त आता आधी सांगायचे, "हा आमच्या वेळचा रुपया, मुलांनो, हा असा होता," आणि मग खेळ. म्हणजे जादूत थोडा इतिहासाचा तास घुसला. मी तो तास लहानपणी दर गणपतीत ऐकलाय. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि सरकारला पुढच्या वर्षी सोंड नीट काढून द्यावी लागली, ही गोष्ट सांगताना ते स्वतः हत्तीची सोंड करून दाखवायचे.

अमेरिकेतही पुढे हेच झालं. १९६५ च्या कायद्यानं तिथल्या लहान नाण्यांतली चांदी काढली आणि अर्ध्या डॉलरमधली ९० टक्क्यांवरून ४० वर आणली. जादूगारांचं लाडकं नाणं तेच, अर्धा डॉलर. हळूहळू तो लोकांच्या खिशातून नाहीसा झाला. आजही तिकडचे जादूगार तोच वापरतात, पण तो हातात घेतला की समोरचा विचारतो, हे काय आहे?

आता १९८० वर येते.

टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी साठवायला घेतली होती. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलर असलेली चांदी १९८० च्या जानेवारीत पन्नासाला टेकली. आपल्या सराफ्यातही रोज नवा भाव. माझं लग्न ठरलेलं, फेब्रुवारीतला मुहूर्त. मी एकवीस वर्षांची. वडिलांचा पगार बेताचा, आधीच्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटायचं होतं. घरात पैशांवरून कुजबुज चालायची, ती मला ऐकू यायची.

आप्पांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो, वडील म्हणत म्हणून. त्यांना मूलबाळ नव्हतं, आम्हीच त्यांची मुलं. एक दिवस दुपारी काकू मला म्हणाल्या, "चल गं जरा सराफ्यात." पदराआड एक पिशवी. आप्पा गिरणीतून निवृत्त झालेले, त्या वेळी वाचनालयात गेले होते. काकूंनी डब्यातले चोवीस रुपये मोजून घेतले होते. त्यांना न विचारता. "विचारलं तर ते हो म्हणतील," काकू वाटेत म्हणाल्या, "आणि मग रात्रभर झोपणार नाहीत. त्यापेक्षा नकोच."

आपला सराफा तुम्हाला माहीत आहेच. रात्री गराडू आणि भुट्ट्याचा कीस, दिवसा तराजू. सराफांनी रुपये एकेक करून दगडावर आपटून ऐकायला सुरुवात केली. खण्ण. खण्ण. माझ्या कानांना तो आवाज ओळखीचा, फक्त टिनाऐवजी दगडावरचा. बाराव्या का तेराव्या रुपयाला आवाज आला बद्द. त्यांनी परत आपटला. रुपया उघडला आणि त्याचे दोन तुकडे गादीवर घरंगळले.

काकूंना टोपणाचा रुपया आहे हे माहीत होतं, पण बंद असताना तो बाकीच्यांसारखाच दिसतो. म्हणून तर तो केला होता! त्या चोवीस मोजताना तो मधे आला होता.

सराफ मोठ्यानं म्हणाले, "बाईजी, ये क्या लाए हो?" दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी वळून बघितलं. काकूंनी सांगायचा प्रयत्न केला, जादूचा आहे, खेळाचा आहे. पण त्यांचं हिंदी घाबरल्यावर मराठी व्हायचं. आणि सांगायचं तरी काय? चांदीचा रुपया पोकळ करून आत दुसरा बसवलाय, हे ऐकून कोण म्हणेल की फसवायला नाही केला? फसवायलाच केला होता, फक्त गणपतीत. मी शेजारी उभी, तोंडातून शब्द फुटेना. सराफांनी बाकीच्या नाण्यांवरही संशय घेतला. तीन रुपयांवर छिन्नी मारून आत बघितलं. आत चांदीच होती. मग सगळे वजनावर घेतले, भावात वर काट लावून. गाभासुद्धा चांदी म्हणून तागडीत टाकला. टोपण मात्र "पत्रा" म्हणून बाजूला सारलं. ते काकूंनी उचललं आणि रुमालात बांधलं.

घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. राजवाड्यासमोर आल्यावर मात्र थांबल्या. "माझ्या हातात खोटा रुपया निघाला गं," म्हणाल्या. आयुष्यभर भाजीवाल्यालासुद्धा जास्तीचा पैसा परत करणारी बाई ती.

संध्याकाळी त्यांनी आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी टोपण हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "गाभा कुठाय?"

दुसऱ्या दिवशी कोट घालून ते सराफांकडे गेले. मी बरोबर गेले, या वेळी त्यांनी मला नेलं. त्यांना आधी काकूंचं नाव साफ करायचं होतं. गादीवर बसून त्यांनी टोपण काढलं, सराफांकडून एक रुपया मागून घेतला आणि खेळ कसा होतो ते दाखवायला लागले. सहासष्ट वर्षांचे होते, थंडी होती, आणि गाभा नसताना तो खेळ होतच नाही. टोपण हातातून सटकलं. त्यांनी खेळ सोडून दिला आणि साध्या शब्दांत सांगितलं की हा गणेशोत्सवातला रुपया आहे, आमच्या घरातून चुकून आला, माझ्या पत्नीला ठाऊक नव्हतं. सराफ माणूस वाईट नव्हते. हसले, चहा मागवला, "अरे भिया, पहले बोलते" म्हणाले. काकूंना निरोप दिला की गैरसमज झाला, माफ करा. आप्पांनी मग गाभ्याचं विचारलं. तो बाकीच्या रुपयांबरोबर सकाळीच गाळायला गेला होता.

त्या जानेवारीत असंच चाललं होतं. संग्राहकाला हवा तो कोरा, ठसठशीत रुपया. झिजक्या रुपयाला वजनाशिवाय भाव नाही, म्हणून भाव चढला की तोच आधी मुशीत जातो. अमेरिकेतही त्या वर्षी झिजके अर्धे डॉलर असेच वितळले. म्हणजे जादूगाराच्या हाताला जे नाणं सर्वांत चांगलं, बाजाराच्या लेखी ते सर्वांत हलकं.

माझं लग्न झालं. त्या पैशांतून पंगतीचा काही खर्च निघाला. मार्चच्या शेवटी चांदी अकरा डॉलरच्या खाली कोसळली आणि काकू सगळ्यांना सांगत सुटल्या की आम्ही बरोबर वेळेला विकले. आप्पा ऐकून हसायचे. 'कंजुषाचं स्वप्न' त्यांनी पुढेही काही वर्षं उरलेल्या सोळा नाण्यांवर केलं. 'व्याज' मात्र परत केलं नाही. दुसरा गाभा करून घेता आला असता. गिरणीत लेथ होतं, ओळखीचे लोक होते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "एक रुपया तासायचा म्हणजे आता फार होतं." त्या वेळी मला वाटलं, ते चांदीच्या भावाबद्दल बोलतायत.

१९८८ साली आप्पा गेले. काकूंनी जाताना डबा मला दिला, "तुझ्यामुळे फुटला, तूच सांभाळ" असं हसत म्हणून. त्यांनी ते हसत म्हटलं, पण मी ते हसून सोडून दिलेलं नाही.

तर डिसेंबरात मी डबा काढला. सोळा रुपये आणि एक टोपण. भाच्याला बोलावलं. त्याच्याबरोबर त्याचा बारा वर्षांचा मुलगाही आला. हा मुलगा मोबाइलवर बघून नाण्यांच्या जादू शिकतो, दहाच्या नाण्यांवर. त्यानं टोपण हातात घेतलं, नखानं आत चाचपलं आणि विचारलं, "आत्याआजी, याचा आतला कुठाय?"

शब्द जवळजवळ आप्पांचेच. मी त्याला सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. भावाचा गुडघा महत्त्वाचा, त्यात वाद नाही. दहा रुपये विकायचे. सराफ्यातच गेलो. आता दगडावर कुणी आपटत नाही, मशीन आहे, नाणं खाली ठेवलं की चांदीचे टक्के पडद्यावर दिसतात. राणीछापच्या नकला इतक्या निघाल्यात की मशीनशिवाय कुणी हात लावत नाही, असं दुकानातला मुलगा म्हणाला. आमची सगळी खरी निघाली. झिजेमुळे वजन कमी, कुणाचं ११.३, कुणाचं ११.४. नगामागे साधारण एकोणीसशे रुपये धरून दहांचे एकोणीस हजार झाले. १९११ चा एक होता, तो मुलानं स्वतःच बाजूला काढला, "मॅडम, हा वजनावर देऊ नका, याचा गिऱ्हाईक वेगळा." तो आम्ही परत आणला. विकलेल्या दहांचं काय होणार, विचारलं. काही लक्ष्मीपूजनासाठी विकले जातात, झिजके गाळतात, म्हणाला. आमचे बहुतेक झिजकेच.

उरलेल्या सहांपैकी एक १९१९ चा रुपया घेऊन मी आणि तो मुलगा सांवेर रोडला एका लहान वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या कारागिराला टोपण दाखवलं. त्यानं कॅलिपर लावून आतलं माप घेतलं, टोपण उन्हात धरून बघितलं आणि म्हणाला, हे ज्यानं केलं त्याचा हात फार चांगला होता. अर्ध्या तासात रुपया तासून झाला. खाली मी माझा रुमाल अंथरला होता. कीस साडेतीन ग्रॅमच्या वर भरला, म्हणजे साडेसहाशे रुपयांच्या आसपासची चांदी. मी तो कारागिराला देऊ केला, त्यानं घेतला नाही, मजुरी रोख घेतली.

गाभा आत बसला. दगडावर नाही, पण टेबलाच्या फरशीवर मी तो हळूच आपटून बघितला. बद्द. बरोबर आप्पांच्या रुपयासारखा बद्द.

काकू असत्या तर त्यांच्या हातात दिला असता. त्या नाहीत. मुलाला दिलाय. त्याला सांगितलंय की हा रुपया कधी कुणाला विकायला जाऊ नकोस, आणि गेलासच तर आधी उघडून दाखव.

येत्या गणपतीत आमच्या गल्लीत तो 'व्याज' करणार आहे. कलदार कुणाच्या खिशात नसणार, म्हणून उसना घ्यायचा रुपया मी पुढच्या रांगेत बसून देणार, हे ठरलंय. भावाचं ऑपरेशन झालं, तो काठी घेऊन चालतोय, तोही येईल.

तुमच्यापैकी कुणाकडे, हैदराबादला, बडोद्याला, ग्वाल्हेरला, घरात असे खेळाचे रुपये असतील, किंवा सराफाच्या दगडावर फुटलेल्या रुपयाची गोष्ट असेल, तर खाली जरूर लिहा. आणि डबा विकायला काढण्याआधी प्रत्येक नाणं एकदा स्वतः वाजवून बघा.